माझ्या बिळावरची पाटी

...आणि वर मलाच म्हणते, 'रागावू नका हं!' म्हणजे माझ्या हातातला ऑक्टोपस घ्यायचा, समुद्रात सोडायचा, टाळ्या वाजवायच्या, आणि रागवायचं मात्र मी नाही! का? तर बेट संरक्षित आहे ना आमचं!

अहो, पण तुम्हाला सांगते, ते संरक्षित केलं कुणी? आम्हीच की! अख्ख्या गावानं बसून ठरवलं, तीन महिने खडकावर पाय ठेवायचा नाही, ऑक्टोपसला हात लावायचा नाही, त्यांना चांगलं मोठं होऊ द्यायचं. आता मोठं कशाला होऊ द्यायचं? खायला! दुसरं कशाला, शाळेत घालायला? तर तीन महिने आम्ही कसाव्याचे कंद आणि नारळ, नारळ आणि कसावा... आमचे हे, फाकी, ताटाकडे बघून बिस्मिल्ला म्हणायचे आणि असा उसासा टाकायचे की दिवा विझावा! आणि पलीकडच्या हॉटेलातले पाहुणे होडीतून बघून म्हणायचे, 'अहाहा! किती निर्मनुष्य!' निर्मनुष्य? अहो, मनुष्यं घरात बसून कसावा गिळतायत!

तर त्या दिवशी बंदी उठायची होती. आणि मला घाई का, तर माझी सुबिरा, थोरली, तिचं लग्न ठरलंय. आता आमच्याकडे काय असतं, प्रत्येक बाईचं खडकात एक बीळ असतं. ऑक्टोपसचं हो! म्हणजे बीळ ऑक्टोपसचं, पण बाईचं. माझं बीळ मला आईनं दाखवलं, माझ्या लग्नाआधी, आईला तिच्या आईनं. सोनंनाणं चोर नेतो, बीळ कोण नेणार? एक खाल्ला की दुसरा येऊन राहतो, भाडेकरूसारखा! नवऱ्यालासुद्धा सांगायचं नसतं. शेजारची मवातिमे जन्मभर माझ्या मागेमागे फिरतेय, आणि मी जन्मभर भलत्याच खडकात काठी खुपसून 'हाय अल्ला, रिकामंच गं!' म्हणतेय.

त्या दिवशी ते बीळ सुबिराला दाखवायचं, आणि त्यातला पहिला ऑक्टोपस नारळाच्या दुधात शिजवून संध्याकाळी विहीणबाईंच्या पानात वाढायचा. विहीणबाई कशा, तर साखरपुड्याला आमचं सरबत प्यायल्या आणि म्हणाल्या, 'साखर महागलीय वाटतं.' अशा!

मुखियानं शिट्टी फुंकली, सगळ्या बाया धावल्या. मी मवातिमेला डाव्या हाताला पिटाळलं, सुबिराला घेऊन उजवीकडून वळसा, बिळाशी वाकले, काठी आत... आणि काय सांगू, असा निघाला, असा निघाला, माझ्या दंडापर्यंत विळखा! तेवढ्यात मागून किंचाळी. बघते तर हॉटेलची होडी! त्यातनं आमचे धाकटे दीर, कोंबो, पाहुण्यांना बेट दाखवायची नोकरी आहे त्यांची, आणि दहाबारा पाहुणे, अंगाला ते पांढरं मलम थापलेलं, समुद्रावर तेलाचा तवंग. सगळ्यात पुढे एक टोपीवाली. टोपी केवढी? खाली कोंबड्या झाकाव्यात एवढी!

'अरे देवा! इथे माणसं कशी?' ती ओरडली. कोंबो मला म्हणतो, 'वहिनी, त्यांना सांगितलंय, या खडकावर माणसाचा पाय पडलेला नाही.' म्हटलं, 'मग मी काय उडत येते?' एकजण म्हणाला, 'त्या बायका फोटोत येतायत, जरा बाजूला होतील का?' दुसरा म्हणाला, 'नको, टोपली डोक्यावर घेऊन परत एकदा चाला ना!' आता बाजूला होऊ की चालू? आणि टोपीवाली जिवंत पोवळ्यावर बूट रोवून मला सांगतेय, 'निसर्गाला हात लावू नये!' बेट संरक्षित आहे ना आमचं!

कोंबो म्हणाला, 'वहिनी, बाईंना तो हातात धरून फोटो हवाय, एकच.' आणि माझी बुद्धी बघा, फोटो म्हटल्यावर मी अंगावर गुंडाळलेला कांगा नीट करायला दोन्ही हात मोकळे केले! टोपीवालीनं ऑक्टोपस घेतला, आणि निघाली थेट खोल पाण्याकडे. 'जा बाळा, जा! तू मोकळा आहेस!' तिनं सोडला हो, पण तो कुठे तिला सोडतोय? हाताला घट्ट! ही नाचतेय, तो शाई उडवतोय, पांढऱ्या कपड्यांची पार दौत झाली, आणि बाकीचे ओरडतायत, 'किती प्रेम! बघा, बिलगलाय!' शेवटी सुटला. टाळ्या. डोळे पुसून मला म्हणते, 'रागावू नका हं. तुमचं नाव काय?' म्हटलं, 'मिझा.' म्हणाली, 'तुमच्या सन्मानार्थ त्याचंही नाव मिझा!'

मागे बघते, तर गर्दी बघून धावत आलेली मवातिमे. माझ्याकडे नाही, टोपीवालीकडे नाही, बिळाकडे बघतेय... आणि हसतेय!

संध्याकाळी विहीणबाई आल्या. झाकण उचललं, कसाव्याचा पाला. म्हणाल्या, 'तीन महिने समुद्र बंद ठेवलात, आणि उघडल्यावर पालाच निघाला होय?' सुबिरा आत रडतेय. ऑक्टोपससाठी नाही हो, 'आई, माझं बीळ सगळ्या गावानं पाहिलं' म्हणून. आणि मी तरी कुठल्या तोंडानं समजूत घालू? माझ्या आईनं मरेपर्यंत जपलं, आणि मी एका फोटोसाठी घालवलं!

वाटलं, चार दिवसांत निवळेल. मवातिमेला भलतंच सांगू, गाव विसरेल. तर कुठलं! टोपीवालीनं गावी जाऊन पाटीसाठी पैसे धाडले. मुखिया म्हणाले, 'फुकट पाटी मिळतेय, लावू की!' आता खडकात खांब रोवलाय, वर पाटी, पलीकडच्या किनाऱ्यावरून दिसते. कोंबोनं वाचून दाखवली. 'मिझाचं घर. येथे कुणीही पाय ठेवू नये.' तीन महिने नाही, कायमचं! आणि हॉटेलनं वर एक राखणदार नेमलाय, परगावचा.

तरी काल ओहोटीला गेले. म्हटलं, लेक सासरी जायच्या आधी एकदा तिला आत काठी तरी घालू देते. तर तो धावत आला, 'ए बाई! लांब हो! आवाज करू नकोस, मिझा झोपलीय!'

बेट संरक्षित आहे ना आमचं! आले घरी... आणि झोपले.