पडद्याची मागची बाजू

यार, घडीचा पडदा घेताय म्हणून सांगतो. दोन हजार तीन साली अमेरिकेत, टेक्सासमधल्या शुगर लँडला आमचं एकाच बेडरूमचं अपार्टमेंट होतं. बाबा सहा महिन्यांसाठी आले, तेव्हा हॉलच्या कोपऱ्यात त्यांची कॉट टाकली आणि आडोशाला इस्टेट सेलमधला, म्हणजे कुणाच्या तरी घरातलं सामान विकायला काढतात तिथला, जुना चिनी लॅकरचा लाकडी पडदा लावला. सोनेरी करकोचे पाहुण्यांकडे, मागची कोरलेली अक्षरं बाबांकडे.

एकदा ऑफिसमधला चेन नावाचा चिनी मित्र जेवायला आला. त्याने मागे जाऊन ती अक्षरं अडखळत वाचली.

"सत्तरीनिमित्त मुलांनी वडिलांना दिलाय. रोज डोळ्यांसमोर करकोचे असावेत, खूप आयुष्य मिळावं म्हणून."

"वा!" मी म्हटलं.

कॉटवरून बाबा म्हणाले, "नशीबवान माणूस. त्याला पुढची बाजू मिळाली."