साक्रीच्या मशीनला ऊन लागलं

...आणि वर मलाच म्हणतो, "सर, तुम्ही अजून शिकाऊ आहात!" आता तुम्हीच सांगा, वय वर्षं एकोणपन्नास, देवपुरात बावीस वर्षं टायपिंगची इन्स्टिट्यूट चालवली, अर्ध्या धुळ्याच्या बोटांना वळण लावलं, आणि शिकाऊ कोण? मी! म्हणणारा कोण? मोईज! माझ्याच तिसऱ्या नंबरच्या मशीनवर बसून, बोटांवर पट्ट्या खात खात, दुसऱ्या खेपेला पास झालेला मोईज! टाइपरायटर भंगारात गेले, मोईजनं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलं, आणि मी त्याच्याकडे तीन महिन्यांच्या बोलीवर सपोर्टला लागलो. तो मला सर म्हणतो, मी त्याला सर म्हणतो, गिऱ्हाइकाला कळत नाही नक्की कोणता सर येणार!

पहिल्याच दिवशी गुरुमंत्र दिला त्यानं. "सर, एक लक्षात ठेवा. मशीनला काही झालेलं नसतं. जे झालेलं असतं ते माणसाला. तो माणूस शोधा, फॉर्मवर नाव लिहा, सही घ्या, निघा."

ठीक. पण माझे हात टाइपरायटरचे हो! ओळ संपली की डावा हात आपोआप उठतो, टाइपरायटरची गाडी मागं ढकलायला. पहिल्याच आठवड्यात एका वकिलाचा मॉनिटर टेबलाखाली! दुसऱ्या आठवड्यात एका शाळेत स्पेसबार असा हाणला, की तो उडून थेट मुख्याध्यापकांच्या चहात. मशीनला काही झालेलं नव्हतं, तुम्हाला सांगतो... मी जाईपर्यंत. मोईज ओरडला असता तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाला, "सर, आता एक जरी तक्रार आली ना, तर तुम्ही घरी आराम करा."

घरी आराम! बायको, रत्ना, गेल्यापासून घरात भिंतीवरचं घड्याळ आणि मी, दोघंच; त्यातलं घड्याळही मागं पडतं. नोकरी हवी होती ती त्यासाठी. सकाळी कुठंतरी जायला हवं ना माणसाला! पण ते असो... कुठं होतो मी? हां, साक्री!

मे महिना. सकाळची एसटी. रत्ना असती तर दारातच अडवलं असतं, "कांदा घेतला का?" आपल्याकडे उन्हाळ्यात माणूस पाकीट विसरेल, खिशातला कांदा विसरणार नाही, ऊन बाधत नाही म्हणतात. मी हसायचो तिला. घ्यायचो मात्र. आता दोन उन्हाळे खिसा रिकामाच.

तर साक्रीचं एक सरकारी ऑफिस. कुठल्या खात्याचं ते विचारू नका. साहेब खुर्चीत असे बसलेले, की खुर्ची आधी आणली का साहेब आधी, कळू नये. म्हणाले, "रोज बारा वाजले की मशीन डोळे मिटतं. कोणीतरी वायर ओढतंय. आमची झाडूवाली झुंबरबाई, तिचाच हात असतो टेबलाखाली. तुम्ही फक्त लिहून द्या तिचं नाव, कंत्राटावरच आहे, सोमवारपासून घरी!"

म्हणजे माझ्यासारखंच! आराम!

झुंबरबाई दाराशी उभी. पन्नाशीची, कपाळ मोकळं. मी टेबलाखाली शिरलो आणि... काय सांगू तुम्हाला! सीपीयूला चारी बाजूंनी ओलं गोणपाट गुंडाळलेलं, माठाला गुंडाळतात तसं! हवेची जाळी बंद, पंख्याचा जीव गुदमरलेला, आणि डोक्यावर, अगदी मधोमध, एक पांढरा कांदा! शॉक लागून कोणी मेलं नाही, हे नशीब. साहेबांना दिसलं कसं नाही म्हणता? अहो, वाकायला लागतं त्याला!

झुंबरबाई माझ्याशेजारी येऊन बसली, हळूच म्हणाली, "भाऊ, त्याले ऊन लागेल शे. हात लाई देखा, आंग कितलं तापेल शे! जितलं तापस, तितलं मी पानी शिपडस."

"अक्का, मशीनला ऊन नाही लागत."

"मना मालक मागला वैशाखमा उन्हामा गया, भाऊ. त्या दिन त्यासना खिसामा कांदा टाकानं मी इसरी गऊ."

नवरा गेलेला तिचा, उन्हानं. मी गोणपाट काढलं, घडी केली, मशीन पुसून कोरडं केलं, पंख्यानं मोकळा श्वास घेतला. बारा वाजले. साडेबारा झाले. चालूच! मशीनला काही झालेलं नव्हतं, तुम्हाला सांगतो. मोईजचा मंत्र खरा होता. जे झालं होतं ते माणसालाच.

आता फॉर्म! साहेब वरून, "लिहिलं का नाव?" बावीस वर्षांत दुसऱ्याचे अर्ज टाइप करून दिले, कधी हात थांबला नाही, त्या दिवशी थांबला. मग लिहिलं. कारण : ऊन लागणे. उपाय : सावली आणि मोकळी हवा. जबाबदार : वैशाख महिना. साहेबांनी वाचलं? छे! सही कुठं करायची तेवढं विचारलं.

निघताना झुंबरबाईनं कांदा माझ्या खिशात सरकवला. "मशीनले नही लागत ना? मंग तुम्ही लई जा."

संध्याकाळी मोईजनं फॉर्म वाचला. एकदा वाचला, दोनदा वाचला, चष्मा काढून वाचला. "सर, वैशाख महिना? मी हे फाइलला कसं लावू?" शेवटी म्हणाला, "तीन महिने अजून शिकाऊ." म्हटलं, चालेल. सकाळी कुठंतरी जायला मिळालं, बस.

पण ऐका तर पुढं! आठवड्यात साक्रीहून चार फोन. दवाखाना, पंचायत, दोन शाळा. सगळ्यांचं एकच, "ते ऊन उतरवणारे सर पाठवा!" झुंबरबाईनं गावभर केलं होतं. आता मोईज रोज सकाळी बॅग तपासतो, स्क्रूड्रायव्हर आहे, पेनड्राइव्ह आहे, आणि दुकानाच्या दारातून चारचौघांत ओरडतो, "सर, कांदा घेतला का?"

घेतला म्हणतो मी. काय करणार? आता तो नोकरीचाच भाग झालाय.