तळ्यातलं बेट

मुलगी : बाबा, तिकडे कुठे निघालात? तो तर बसस्टँड!

वडील : सवयीने पाय वळले गं. तीस वर्षं टूरची बस आणली इथे. ती भिंत बघ, तिला लावायचो गाडी. मागे नळ आहे, काच धुवायला एकदम सोयीचा.

मुलगी : सकाळपासून गॅरेज झालं, पंक्चरवाला झाला, आता नळ! अहो, डोंगर चढून आपण तळं बघायला आलोय. कुठंय ते?

वडील : असेल इथेच कुठेतरी. विचारू कोणाला तरी.

मुलगी : विचारू? बाबा, तुम्ही तळं पाहिलेलंच नाही?

वडील : कधी बघणार? प्रवासी उतरले की मागच्या सीटवर ताणून द्यायची. रात्री घाट उतरायचा असायचा. डुलकी लागली असती तर चाळीस माणसं दरीत गेली असती.

मुलगी : मग ते बेट? बेटावरचा पांढरा बंगला? पायऱ्यांवरची बदकं? मी चित्रं काढायचे त्याची!

वडील : परतीच्या वाटेवर प्रवासी बोलायचे, ते कानावर पडायचं. उरलेलं पदरचं. आईला मात्र बोलू नकोस. गुडघ्यांपायी बिचारी कुठे गेली नाही, सगळं माझ्याच तोंडून ऐकलं तिने. लाज वाटते गं मला.

मुलगी : चला, आधी बघू तरी.

(तळ्याचा काठ. मुलीचा फोन वाजतो.)

मुलगी : आईच आहे. स्पीकरवर टाकते.

आई : पोहोचलात का हो? बंगला आहे ना अजून?

मुलगी : आई, अगं, धुकं आहे जरा...

वडील : कसलं धुकं? थांब, मी सांगतो. अगं, इथे बेटच नाही. मी आज पहिल्यांदा बघतोय हे तळं. इतकी वर्षं थापा मारल्या तुला.

आई : माहीत आहे. शेजारच्या वहिनी जाऊन आल्या होत्या ना, त्यांनी सांगितलं बेटबिट काही नाही म्हणून. ही पहिलीत होती तेव्हा.

वडील : आणि तरी दर खेपेला विचारायचीस? मजा बघत होतीस माझी?

आई : छे हो. गाडीवरून आलात की जेवायचं आणि आडवं व्हायचं, असं तुमचं. तळ्याचं विचारलं की तेवढा वेळ माझ्याशी बोलत बसायचात.

(वडील मुलीच्या हातातून फोन घेतात.)

आई : ऐकताय ना? पाणी कसं आहे?

वडील : हिरवं आहे. थांब, बसतो जरा. नीट सांगतो.