काळ्या रानातले पाच

(बंगळूरचं एक कलादालन. भल्यामोठ्या काळ्या चित्रासमोर हुलसूर गावचे शेतकरी उद्धवराव आणि त्यांची लेक दीपमाला.)

उद्धवराव : आन् हे? काळ्यावर पाच पांढरे ठिपके. असं तर आपल्या भिंतीवर कावळे फुकट काढून जातेत.

दीपमाला : हसा अप्पा. पण बोली ध्यानात हाय ना? एक जरी चित्र तुमच्या मनाला लागलं तर मी हितं चित्रकला शिकणार. न्हाई तर तुमच्यासंगं गावाला येऊन बी.एड.

उद्धवराव : हाय की ध्यानात. सगळं दालन पालथं घातलं, काई लागलं न्हाई. संध्याकाळची गाडी हाय आपली.

दीपमाला : तुम्ही नाक लावून बघायलाव. मागं या. अजून. त्या बाकड्यापस्तोर.

उद्धवराव : आलो. ठिपकेच हायत.

दीपमाला : घाई कामून करायलाव? उभं राहा जरा. मी काई सांगणार न्हाई.

उद्धवराव : एरवी तोंडाला खळ नसतीया तुझ्या... ही जमीन मातर बरी काढलीय. वाफशाला आल्यावानी, पेरणीजोगी ओल धरलेली. आन् वर पिवळं काय, कडबा?

दीपमाला : तुम्हीच सांगा.

उद्धवराव : दीपा, ही येळवस हाय गं. अमावस्येला रानात कडब्याची कोपी करून आपण चुना लावलेली पाच दगडं पुजताव न्हाई का? पांडव हायत हे.

दीपमाला : चित्राला नावच न्हाई, अप्पा. काढणारा केरळचा. त्याला येळवस ठाऊक बी नसल.

उद्धवराव : नसू दे. माझी माय त्या कोपऱ्यात अंबिलाचा माठ ठेवायची. जीव भरून आला बघ.

दीपमाला : तिथं माठ न्हाई.

उद्धवराव : न्हाई ना. तेवढंच राहिलंय त्याचं.

दीपमाला : ते मी काढीन.

उद्धवराव : लई धीट झालीस.

दीपमाला : व्हय, झाले. पण अप्पा, चपला कामून काढायलाव? रखवालदार बघायलाय.

उद्धवराव : बघू दे. पांडवांपुढं चपला घालून उभं राहत्यात व्हय?

दीपमाला : मग माझं काय ठरलं?

उद्धवराव : तू बी चपला काढ आधी. गाडीनं मी एकटा जाईन.