पिवळ्या झाकणाची सुधारणा

या मंडळी, अंमळ जवळ सरका. एका मोठ्या माणसाची मान चहाच्या रांगेत कशी खाली गेली, ते सांगतो. विधिमंडळाच्या उपाहारगृहात वरच्या सभागृहाचे एक सभासद उभे होते. त्यांच्या पुढे एका कायद्याच्या चौकशीला आलेल्या दोघी जावा होत्या.

“ताई, मैल्याच्या टाकीत माणूस उतरवायचा नाही, हा कायदा झाला ना?”

“खालच्या सभागृहात मंजूर झाला. वरच्यांनीही हो म्हटलं, पण एकाने भर घातली, की टाकीचं झाकण पिवळं रंगवावं.”

“रंगवा की! कोण नको म्हणतंय?”

“अगं, भर घातली की विधेयक संमतीला पुन्हा खाली जातं. तोवर अधिवेशनच उठलं. आता पुढच्या अधिवेशनापर्यंत लटकलं.”

“म्हणजे आमचे हे उद्याही उतरणार?”

“उतरणारच. मुकादम काय रंग वाळायची वाट बघतोय?”

“त्या सभासदाला एवढंही कळू नये?”

“असं बोलू नये गं. शिकलासवरलेला माणूस तो. आपल्या काळजीपोटीच सुचवलं असेल.”

तो सभासद म्हणजे मागे उभे असलेले हेच. अधिवेशन सरत आलं तरी कामकाजात आपलं नाव नाही, एवढ्याचसाठी त्यांनी तो रंग सुचवला होता.

धाकटी वळली. “दादा, तुम्ही इथलेच दिसता. त्यांना ओळखता का हो?”

“नाही,” ते म्हणाले, आणि चहा न घेताच रांगेतून निघून गेले.

मायबापहो, आज देवापुढे हात जोडाल, तेव्हा उद्या सकाळी टाकीत उतरणाऱ्या त्या धाकटीच्या नवऱ्याची तेवढी आठवण ठेवा.