बावीस मेंढ्यांची आंघोळ

…अहो, पाऊस पडला असता तर आभाळाला शिव्या घातल्या असत्या, पण पोरांना काय म्हणू? पोरं गुणी, तीच तर पंचाईत!

तुम्हाला सांगतो, आठ दिवस मी ढग बघत होतो. लोकर कातरणारी टोळी वर्षातून एकदाच येते, आणि मेंढी ओली असली तर हात लावत नाही. ओल्या लोकरीनं कातरणाऱ्यांचे सांधे धरतात. प्रत्येक गडी आधी दोन मेंढ्या कातरतो, मग मतदान. चिठ्ठ्या टाकून! ओली की कोरडी? ओली निघाली की टोळी पुढच्या गावाला, परत येणार पाच आठवड्यांनी. तोवर उन्हाळा, लोकरीत माश्या, माश्यांच्या अळ्या… मेंढ्या जिवंत सडतात हो. म्हणून सहाशेच्या सहाशे मी शेडखाली कोंडल्या होत्या. थेंब लागू दिला नाही!

आणि त्यातच शहरातल्या कॉलेजची बावीस पोरं शेतावर राहायला आली. आल्या आल्या, "बाबा, काम सांगा, बाबा, काम सांगा." मी म्हटलं, बसा, उद्या मेंढ्या कातरायच्यात. बस, एवढंच बोललो!

सकाळी जातो तर काय… शेडमध्ये फेस! माझ्या टाकीतलं पाणी, माझ्या बायकोचा, नोरीनचा लव्हेंडरचा शाम्पू, आणि प्रत्येकाच्या काखेत एकेक मेंढी. थुय म्हणून एक चुणचुणीत मुलगी, ती म्हणते कशी, "केस कापायच्या आधी धुतात की, बाबा!" पोरं गुणी, तीच तर पंचाईत!

तेवढ्यात टोळीचा मुकादम डॅरिल गड्यांसकट हजर. एक मेंढी कातरली, दुसरीला हात घातला आणि ओरडला, "क्लाइव्ह, म्हाताऱ्या, हिला नवरी करून आणलीस का रे?" चिठ्ठ्या पडल्या. तीन ओल्या, दोन कोरड्या. झालं! गडी हत्यारं गुंडाळायला लागले. मी हात जोडले, म्हटलं, बाबांनो, बावीसच ओल्यात. डॅरिल म्हणतो, "मग काढ वेगळ्या. चहा पिईपर्यंत वेळ देतो."

सहाशेतून बावीस! पन्नास वर्षं मेंढ्या राखतोय, पण मला सगळ्या तोंडानं सारख्याच… आणि नुसतं हातानं चाचपत बसलो तर दिवस जायचा. थुय म्हणाली, "त्यात काय? ती बघा माझी पिंकी!" अहो, पोरांनी नावं ठेवली होती! "हा माझा बटाटा!" "ही आमची मावशी!" नाकावरचा ठिपका बघून, कानाची चीर बघून, एकेकीला मिठी मारून बाहेर! चहा निवायच्या आत बावीस मोजून दिल्या. पुन्हा दोन-दोन कातरल्या, पुन्हा चिठ्ठ्या… पाचही कोरड्या! मी नाचलो हो. या गुडघ्यांनी!

पण त्या बावीस राहिल्या ना. टोळी गेली, पोरं गेली, आणि मी रोज एक, जुन्या कातरीनं, कंबर धरून. एखादी विकेन म्हटलं तर नोरीन डोळे वटारते, "मावशीला विकणार तुम्ही?"

आणि परवा थुयचा फोन. "बाबा, पिंकीला द्या ना!" आता काय करणार? धरला तिच्या कानाशी.

आता सगळ्याच पोरांचे फोन येतात, रोज संध्याकाळी धरतो. एकीचं बोलणं होतंय तोवर दुसरी मागं रांगेत उभीच असते.