शहादेव पेंटरांचं जाड गोल अक्षर

आजच्या समारंभाचे अध्यक्ष मोहनराव, व्यासपीठावरील संचालक, ज्यांच्यासाठी आपण जमलो ते शहादेवभाऊ, त्यांच्या कारभारीण सारजाबाई, आणि धारा काढून थेट इथं आलेल्या माझ्या सभासद बंधू-भगिनींनो, सर्वांना नमस्कार.

मी मंजुळाबाई, या दूध संस्थेची माजी अध्यक्ष. मला पाच मिनिटं दिली आहेत. मोहनरावांनी घड्याळ टेबलावर काढून ठेवलंय, ते मला दिसतंय.

शहादेवभाऊंनी तीस वर्षं आपल्या पाट्या आणि संस्थेचे पाण्याचे टँकर रंगवले. त्यांचं अक्षर कसं? जाड, गोल, पोटभर जेवलेल्या माणसासारखं. एकदा मी विचारलं, "भाऊ, कोपरे का काढीत न्हाई?" तर म्हणाले, "पत्रा तापला की रंग आधी कोपऱ्यातून उडतो, बाई. आन् 'व'चं पोट मोकळं ठेवावं लागतं, न्हाई तर लांबून नुसता डाग दिसतो." या अक्षरात सभेचं इतिवृत्त लिहिलं तर संस्था ओरडतेय असंच वाटेल! ते दोन-चार शब्दांचं, लांबून ओळखायचं अक्षर. वस्तीवरच्या आपल्या सभासद बायनाबाईंना वाचता येत नाही, पण माळावरून नुसती अक्षरांची ठेवण बघून त्या आपल्या वस्तीचा टँकर ओळखायच्या.

वडवणीच्या कॉम्प्युटरवाल्या मुलीनं आता याच अक्षरांचा फॉन्ट बनवलाय. उद्यापासून आपल्या पेंडीच्या पोत्यांवर तोच छापला जाईल. तिचे मनापासून आभार.

आता जे बोलायचं ते बोलते. दोन हजार सोळाच्या दुष्काळात वस्तीच्या टँकरवर बारीक, तिरकं अक्षर आलं होतं, आठवतं? धुळीत कुणालाच नाव दिसलं नाही. बाया माळावरच थांबल्या, टँकर वाट बघून पुढं गेला. त्या दिवशी साखराबाईंची गाभण म्हैस तहानेनं बसली, ती उठलीच नाही.

सगळा गाव शहादेवभाऊंवर तुटून पडला. संचालक मंडळानं त्यांना उभं करून झापलं. ते एवढंच म्हणाले, "माझाच हात चुकला."

हात त्यांचा चुकला नव्हता. शहरात एका दुकानावर नाजूक अक्षर बघून मीच म्हटलं होतं, तसं काढा. ते म्हणाले, "धुळीत दिसायचं न्हाई, बाई." मी म्हणाले, "संस्था कोण चालवतं, तुमी का मी?" आणि झापलं तेव्हा मी अध्यक्षाच्या खुर्चीत गप्प बसून होते. खुर्ची जाईल म्हणून भ्याले. त्याच संध्याकाळी भाऊंनी टँकर घासून पुन्हा जाड अक्षरात रंगवला. माझं नाव त्यांनी आजवर कुणापुढं काढलं नाही.

साखराबाई, तुम्ही समोरच बसला आहात. नऊ वर्षं तुम्ही भाऊंच्या दारात पाऊल टाकलं नाही. तो राग माझ्या वाट्याचा होता, तो मला द्या.

भाऊ, तुमच्या अक्षरांसाठी आणि तुमच्या गप्प राहण्यासाठी ही संस्था तुमची ऋणी आहे. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर सभागृहानं सांभाळून घ्यावं. माझ्या त्या चुकीचं मात्र सभागृहानं काही ठरवू नये. तिची माफी मी तुमच्याकडं आणि साखराबाईंकडं मागते, ती द्यायची का नाही, ते तुम्ही दोघांनी ठरवा.